बी उगवत नाही? आधी पाकीट वाचा

नवरात्राच्या सुमारास माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो आणि निम्म्या पत्रांत एकच वाक्य असते: "बी टाकलं, उगवलंच नाही." बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी 26 वर्षे गेली. तिथेही रोज हेच ऐकत होते. सगळ्यांना वेगवेगळे लिहिण्यापेक्षा काही प्रश्नांची उत्तरे इथेच देते.

स्वयंपाकघरातले धणे कुंडीत पेरले. तीन आठवडे झाले, एकही कोंब नाही. (सांगली)

अख्खा धणा म्हणजे फळ. त्याच्या आत दोन बिया असतात. लाटण्याने हलके रगडून त्याच्या दोन फोडी करा, पण भुगा होऊ देऊ नका. रात्रभर पाण्यात ठेवा आणि मग पेरा. आठ ते पंधरा दिवसांत उगवण दिसायला हवी. तरीही काही आले नाही, तर धणे जुने आहेत. मसाल्याला चांगला वास येतो म्हणून बी जिवंत आहे असे होत नाही.

बी किती खोल टाकायचे? (वसई)

बीच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट.

पाणी दिवसातून किती वेळा? (पुणे)

वरची माती बोटाला कोरडी लागेल तेव्हा, झारीने.

मिरचीचे पाकीट आणले. 20 बिया लावल्या, 3 उगवल्या. दुकानदार म्हणतो, माल ताजा आहे, तुमचाच हात लागत नाही. (नाशिक)

हात लागणे, हाताला गुण असणे ही भाषा मला अजिबात चालत नाही. नवशिक्या माणसाचा धीर तिनेच खचतो, आणि विकणारा मोकळा सुटतो.

पाकीट अजून जवळ असेल तर उलटे करा. पिकाचे आणि वाणाचे नाव, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, वैधता आणि किमान उगवण टक्केवारी एवढ्या गोष्टी तिथे असायला हव्यात. लोक पॅकिंगची तारीख बघतात आणि समाधान मानतात. बघायची ती चाचणीची तारीख. पिशवी काल भरली असेल, आतले बी दोन वर्षांचे असू शकते. आपल्याकडे प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून 9 महिने धरतात, पुढे फेरतपासणी करूनच ती वाढते. तारखेवर किमतीचे स्टिकर चिकटवलेली पाकिटे मी स्वतः पाहिली आहेत. अशा पाकिटाला हात लावू नका. रोपवाटिकेत साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत, काहीही न छापलेले बी मिळते, तेही घेऊ नका. त्याचे वय विचारायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

आता तुमच्या 20 बियांचा हिशेब. मिरचीला किमान उगवण 60 टक्के ठरलेली आहे. म्हणजे 20 पैकी 12 यायला हव्या होत्या. पण दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी एक चाचणी घरीच करा. त्याच पाकिटातल्या 20 बिया ओल्या सुती फडक्यावर ओळीने मांडा, फडके गुंडाळा, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा घरातल्या उबदार जागी ठेवा. फडके ओले असावे, पाणी निथळत नसावे. मिरचीला पूर्ण 14 दिवस द्या. पाचव्या दिवशी उघडून "काही नाही" म्हणणारी पत्रेच मला जास्त येतात. फडक्यात 12 किंवा त्याहून अधिक कोंब आले, तर बी ठीक होते आणि माती किंवा पाणी चुकले. तीन-चारच आले, तर बी मेलेले होते. प्रयोगशाळेत आम्ही 400 बिया लावतो, त्यामुळे तुमच्या 20 बियांचा निकाल तक्रारीत पुरावा म्हणून टिकणार नाही. स्वतःचा निर्णय घ्यायला मात्र तो पुरेसा आहे. तक्रार करायची असेल तर बिल, रिकामे पाकीट आणि उरलेले बी घेऊन कृषी अधिकाऱ्यांकडे जा. पाकीट फाडून टाकलेले असेल, तर कुणीही तुम्हाला मदत करू शकणार नाही.

आणि हे पेरणीच्या आधी करा, हंगाम गेल्यावर नको. दोन आठवड्यांची चाचणी सगळ्यांना लांबण वाटते. पण न उगवलेल्या ट्रेकडे बघत महिना घालवतात आणि मग थंडी पडते. मिरचीचे बी थंडीत फार रखडते.

उरलेले बी कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. बीतला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. टोमॅटोचे बी असे तीन-चार वर्षे टिकते. कांद्याचे मात्र दरवर्षी नवे आणा.

बी दुधात भिजवल्यावर लवकर उगवते असा मेसेज आला आहे. (ठाणे)

नाही. दूध नासते, बुरशी धरते. साधे पाणी वापरा.

मेथीच्या पाकिटातले बी गुलाबी निघाले. उरलेले मोड आणून खाल्ले तर चालेल का? (कोल्हापूर)

अजिबात नाही. हे उत्तर घरात सगळ्यांना वाचून दाखवा. तो गुलाबी किंवा लाल रंग मुद्दाम दिलेला असतो. थायरम किंवा कॅप्टन अशा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेले बी ओळखू यावे म्हणून. धुऊन ते खाण्याजोगे होत नाही. पक्ष्यांना टाकू नका, वाटीत भिजवू नका, पेरल्यावर हात साबणाने धुवा. मुलाने तोंडात घातले असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. पाकीट सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. मोड आणायला वाण्याकडची खाण्याची मेथी असते.

टोमॅटोची रोपे छान आली, चौथ्या दिवशी बुडातून बारीक होऊन आडवी पडली. (छत्रपती संभाजीनगर)

ही कोलमड आहे. दाट पेरणी, सतत ओली माती आणि कोंडलेली हवा मिळाली की मातीतली बुरशी कोवळ्या खोडाला धरते. पडलेली रोपे काढून फेका, उरलेल्यांचे पाणी कमी करा, ट्रे हवेशीर जागी न्या. पुढच्या वेळी ती माती पुन्हा वापरू नका, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) लावून पातळ पेरा. दुकानातून कुठलेही औषध उचलण्याआधी एक आजारी रोप पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. फोटोवरून मी औषध सांगत नाही.

गाजर, मुळा ट्रेमध्ये वाढवून मग लावू का? (अमरावती)

नको. मूळ वाकडे होते. जिथे वाढायचे तिथेच पेरा. भेंडीही तशीच.

गेल्या वर्षीच्या दुधीचे बी धरले होते. वेल जोरात आला, पण दुधी कडू आहे. साखर घालून रस घेता येईल का? (पणजी)

तो दुधी फेकून द्या. कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. साखरेने चव झाकली जाते, विष तसेच राहते. यापुढे दुधीची फोड आधी जिभेला लावून बघा, कडू लागली तर थुंकून टाका. कुणी घेतला असेल आणि उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली, तर तडक रुग्णालय गाठा.

बीबद्दल सांगायचे तर, दुधी, काकडी, भोपळा या वेलांचे परागीभवन मधमाश्या आणि इतर कीटक करतात. शेजारच्या त्याच जातीच्या कुठल्याही वेलाचा पराग येऊ शकतो, म्हणून त्यांचे घरचे बी भरवशाचे नाही. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-1' लिहिले असेल तर त्या झाडाचे बी धरूच नका, पुढची पिढी सारखी निघत नाही. बी धरायचेच असेल, तर सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाच्या टोमॅटोपासून किंवा मेथीपासून सुरुवात करा. सरळ वाणाचे बी मागायला राहुरी, दापोली, अकोला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रात चौकशी करा.

ऑनलाइन निळ्या स्ट्रॉबेरीचे बी दिसते. मागवू का? (दादर)

अशी स्ट्रॉबेरी नसते. पैसे वाचवा. न मागवलेले बियांचे पाकीट परदेशातून घरी आले, तर पेरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. 2020 मध्ये अशा पाकिटांबद्दल केंद्र सरकारने राज्यांना सावध केले होते. ते तसेच बंद ठेवून कृषी कार्यालयाला कळवा.

दिवाळी झाली की मेथी, पालक आणि टोमॅटो सुरू करू म्हणते. (चिंचवड)

टोमॅटोचे रोपच लावणीला यायला चार-पाच आठवडे लागतात, त्याला दिवाळीपर्यंत थांबवू नका. मेथी दोन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढायला होते. पाकिटावरची चाचणीची तारीख बघा, आणि ठीक असेल तर तिन्ही आजच संध्याकाळी पेरा.