ब्राझीलमधील निवडणूक न्यायालयाने राजकीय पक्षांच्या शंकेला दिलेले उत्तर हा निवाडा नसतो. मग त्याला न्यायालयीन सक्रियता, म्हणजे न्यायालयाने संसदेच्या कामात हात घालणे, कसे म्हणता येईल? आणि तसे न्यायालय भारतात असावे का?

एलएल.एम.च्या मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी मला आपल्या प्रश्नाचा पहिला भाग जवळजवळ याच शब्दांत विचारला होता आणि उत्तराची वाट न पाहता माझ्या प्रबंधिकेच्या शीर्षकातील ‘न्यायालयीन सक्रियता’ या शब्दांभोवती लाल शाईने वर्तुळ काढले होते. “निवाडाच नाही तर सक्रियता कसली? तो सल्ला आहे, सल्ला!” शेजारी बसलेल्या माझ्या मार्गदर्शकांनी चहात बुडवलेले बिस्किट तुटून कपात पडले, तरी त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही.

मी 2002 सालचे उदाहरण दिले. निवडणूक ऑक्टोबरमध्ये होती आणि फेब्रुवारीत, काही खासदारांनी विचारलेल्या शंकेला उत्तर देताना, वरिष्ठ निवडणूक न्यायालयाने सांगितले की, राष्ट्राध्यक्षपदासाठी आघाडी केलेल्या पक्षाला राज्यांत, राष्ट्राध्यक्षपदाचा वेगळा उमेदवार देणाऱ्या पक्षाशी आघाडी करता येणार नाही. कायदा तोच होता. 1998 मध्ये त्याच कायद्याखाली अशा आघाड्या सर्रास झाल्या होत्या. पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले, तर तेथे हे केवळ कायद्याचे अर्थनिर्णयन आहे असे सांगून याचिका विचारातच घेतली गेली नाही. म्हणजे निवाडा नाही म्हणून अपील नाही आणि कायदा नाही म्हणून आव्हानही नाही. त्यातच निवडणूक न्यायालयाच्या सात सदस्यांपैकी तिघे सर्वोच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती असतात. पुढे 2006 च्या मार्चमध्ये तेथील संसदेने घटनादुरुस्ती करून हे बंधन उठवले, तेव्हा मात्र निवडणुकीचे नियम वर्षभर आधी बदलले पाहिजेत या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने ती त्या वर्षीच्या निवडणुकीला लागू होऊ दिली नाही. संसदेला वर्षाची अट आणि ‘सल्ल्या’ला सुमारे सव्वासात महिनेही पुरेसे, यावर परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले.

माझे मत आजही तेच आहे: न्यायाधीशाला सर्वांत मोकळे रान मिळते ते समोर वादी-प्रतिवादी नसताना. 2007 मध्ये एका पक्षाच्या शंकेवर याच न्यायालयाने जागा पक्षाची असते, पक्षांतर करणाऱ्याची नव्हे, असे उत्तर दिले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जागा काढून घेण्याची कार्यपद्धती व पक्ष सोडण्याची चार समर्थनीय कारणे स्वतःच ठरावाने लिहून काढली. यातले काय संसदेचे काम नव्हते?

आता न्याय्यपणे हेही नोंदवले पाहिजे की, 2007 ची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने तपासून मान्य केली होती आणि 2009 च्या कायद्याने अशा ठरावांतून हक्क आकुंचित करण्यास वा कायद्याबाहेरची शिक्षा ठरवण्यास मनाई झाली. शिवाय, भारतात आहे तसा, पक्षांतर करणाऱ्यांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांकडे सोपवला की काय होते हे महाराष्ट्राने 2022 च्या जूनपासून 2024 च्या जानेवारीपर्यंत पाहिले आहे. त्यामुळे पक्षांतराचे खटले न्यायालयाकडे द्यायला माझी हरकत नाही, नियम लिहिण्याचे काम तेवढे देऊ नये.

आपण या विषयावर प्रबंध लिहीत असाल, तर शीर्षकातला तो शब्द कोणी काढायला सांगितला तरी काढू नका. मी काढला. माझ्या कपाटातील बांधीव प्रतीवर सोनेरी अक्षरांत ‘सल्लागार भूमिका’ असे छापलेले आहे आणि आतली एकशे चाळीस पाने सक्रियतेबद्दल आहेत.