एकाच झाडाची मिरची कधी जहाल, कधी सपक का?

परसबागेतल्या मिरचीबद्दल तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एकाच झाडाची एक मिरची जाळ काढते आणि दुसरी काकडीसारखी लागते, असे का? शेजारी ढोबळी लावल्यामुळे तिखट मिरची फिकी पडली का? आणि तिखटपणा वाढवायला कोणते खत द्यावे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: असे खत नाही. मिरची किती तिखट होऊ शकते याची कमाल मर्यादा वाणातच ठरलेली असते. ढोबळीत कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य बनवणारे जनुकच निकामी असते, त्यामुळे तिला काहीही घाला, ती तिखट होत नाही. हालापेनोचा तिखटपणा साधारण २,५०० ते ८,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचे एकक) असतो, तर हबानेरोचा १ लाख ते साडेतीन लाख. तिखट वाढवण्याचे औषध म्हणून कोणी बाटली पुढे केली तर पैसे घालवू नका. नत्र जास्त दिले तर झाड माजते, पाने भरपूर येतात आणि फळधारणा लांबते, एवढेच.

वाणाच्या मर्यादेत मात्र बराच फरक पडतो. पहिले कारण, आपण मिरचीचा कोणता भाग चाखतो. एक मिरची उभी चिरून पाहा. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, तिखट तिथे तयार होते. बी स्वतः तिखट नसते, गाभ्याला लागून असल्याने तसे लागते. जहाल वाणात या गाभ्यावर पिवळसर, तेलकट पुटकुळ्या दिसतात. म्हणून नुसते टोक चाखून मिरची सपक ठरवू नका, देठाकडचा तुकडा घ्या. (हातमोजे घाला. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. हात आधी तेलाने चोळा, मग साबणाने धुवा.)

दुसरे कारण फळाचे वय. फळ धरल्यावर साधारण २० दिवसांनी तिखट साठू लागते, ४० ते ५० दिवसांपर्यंत वाढते आणि बऱ्याच वाणांत पुढे थोडे उतरते. गंमत अशी की फळाची लांबी त्याआधीच जवळजवळ पूर्ण होते. त्यामुळे कोवळी आणि जून मिरची शेजारी शेजारी सारखीच दिसतात आणि आपण दोन्ही एकाच दिवशी तोडतो. फूल उमलले की देठाला रंगीत दोरा बांधा, दर आठवड्याला वेगळा रंग. मग तोडणी अंदाजाने करावी लागत नाही. चवही वयाबरोबर बदलते: हिरवेपणाचा उग्र वास पिकताना कमी होतो आणि साखर वाढते. लाल मिरची तेवढीच तिखट असूनही गोडसर लागते ती त्यामुळे.

तिसरे कारण पाणी. थोडा ताण पडला की बऱ्याच वाणांत तिखटपणा वाढतो आणि सतत ओल्या कुंडीतली मिरची सपक निघते. फळे धरून वाढीला लागली की वरची माती सुकू द्या, वाफसा पाहून पाणी द्या. पण झाड दुपारनंतरही मान टाकून उभे असेल तर ताण जास्त झाला. फुले गळतात आणि पाण्याच्या ओढाताणीत कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्याने टोके काळी पडून सडतात. तिखटासाठी पीक घालवण्यात अर्थ नाही.

राहिली ढोबळी. तिच्यावर आळ नको. फळाची भिंत आणि गाभा आईझाडाचा असतो, त्यामुळे शेजारच्या परागाने या हंगामातली मिरची फिकी पडत नाही. फरक पडतो तो त्या बियांपासून पुढे उगवणाऱ्या झाडांत. घरचे बी धरायचे असेल तर कळी उमलण्याआधी त्यावर मलमलची पिशवी बांधा, फूल उमलल्यावर फांदी हलकेच टिचकवा, फळ धरले की पिशवी काढून देठाला खूण करा आणि बी पूर्ण लाल झालेल्या फळाचेच घ्या. संकरित वाणाचे बी मात्र धरू नका, त्याची पुढची झाडे एकसारखी निघत नाहीत.