गौरी जेवल्या आणि 48–14

प्रश्न: आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. मुलगा चॅपल हिलला, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनात, दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा, 2025 ला, त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमला बिल बेलिचिक हे नावाजलेले कोच नव्याने आले, तेव्हा ह्यांनी हौसेने सीझनची तिकिटं काढली. 1 सप्टेंबरला, नेमक्या गौरी जेवायच्या दिवशी, पुरणपोळी कशीबशी संपवून पहिल्या सामन्याला पळाले आणि तोंड पाडून परतले. "म्हातारा संपलाय, पैसे बुडाले" हे पालुपद तेव्हापासून सुरू आहे. मुलगा चिडतो, फोनही तुटक करतो. परवा अनंत चतुर्दशीला टीम जिंकली, तर हे लगेच "बाप्पा पावला!" काय करू?

उत्तर: ताई, घरच्या टीमचा 48–14 असा पराभव झोंबणारच. पहिल्याच चढाईत टचडाऊन, 7–0, स्टेडियम डोक्यावर; आणि मग समोरच्या टीसीयूने (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) ओळीने 41 गुण काढले. व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत, म्हणजे सुपर बोल, सहा वेळा जिंकलेल्या कोचकडून कुणाला ही अपेक्षा असेल?

पण कॉलेजच्या टीमचा मुख्य कोच म्हणून त्यांचा तो पहिलाच सामना होता आणि टीममध्ये सत्तरच्या आसपास खेळाडू नवे. हल्ली पोरं वर्षागणिक कॉलेज बदलतात. पाच घरच्या पाच जावा आदल्या रात्री एका ओट्याशी आल्या आणि सकाळी सोळा भाज्यांचा नैवेद्य मागितला, तर एखादी करपणारच.

यजमानांना अलाबामाच्या कॉलेज टीमची गोष्ट सांगा. 2007 मध्ये निक सेबन तिथे नवे कोच होते. लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या कॉलेजकडून घरच्या मैदानावर 21–14 हरले. त्या सीझनला सात जिंकले, सहा गमावले. 2009 मध्ये तीच टीम चौदापैकी चौदा जिंकून राष्ट्रीय विजेती झाली. याच्या नेमकं उलट कोलोरॅडोचं. 2023 मध्ये डिऑन सँडर्स कोच म्हणून आले, ह्याच टीसीयूला 45–42 हरवलं, पहिले तिन्ही सामने खिशात. सगळी अमेरिका नाचली. सीझन संपला तेव्हा चार विजय, आठ पराभव!

म्हणून परवाच्या शार्लटवरच्या 20–3 विजयाने पेढे वाटू नका. येत्या शनिवारी समोर असलेलं रिचमंड तर खालच्या गटातलं कॉलेज. तिथे मोठा विजय मिळाला तरी फारसं कळणार नाही. 20 तारखेला ऑरलँडोत यूसीएफ (युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा) आणि 4 ऑक्टोबरला चॅपल हिललाच क्लेमसन युनिव्हर्सिटी, तिथे काय ते दिसेल. तेव्हाही नुसता स्कोअर बघू नये. फुकटचे पेनल्टी कमी झाले का, मध्यंतरानंतर पोरं ढेपाळतात का, हे बघावं.

आता घरातलं. यजमानांचं मला जरा हसूच आलं. पहिल्या कसोटीनंतर कर्णधार बदला म्हणणारी आपली जुनी खोड ती! पण मुलासाठी ही नुसती टीम नाही. इथे वाढलेलं पोर ज्या पहिल्या जागेला स्वतःहून "आमचं" म्हणालं, ती ही जागा आहे. तिकिटाच्या पैशांचा विषय काढला की त्याला तो स्वतःवरच काढल्यासारखा वाटतो. फीचा विषय एरवीही घरात असतोच ना?

यंदा दसरा गुरुवारी, 2 ऑक्टोबरला आहे आणि क्लेमसन त्याच शनिवारी. सोनं द्यायला तुम्ही दोघंच चॅपल हिलला जा. डबा जास्तीचा न्या, त्याचे मित्र येतील. आणि यजमानांना बजावून ठेवा: थर्ड डाऊनला (दहा यार्ड पुढे जायच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) टीम नेमकी काय करते, ते त्या दिवशी लेकाकडून समजून घ्यायचं. तो सांगत असताना मध्ये बोलायचं नाही.