दोनशे क्रंचेस, तरी पोट तेच

प्रश्न : वय २६. चार महिने रोज दोनशे क्रंचेस मारतोय, तरी सिक्स पॅक दिसत नाहीत. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, स्नायू आहेत तुझ्याकडे, चरबीखाली झाकलेत. क्रंचेस मारून नेमकी पोटावरचीच चरबी उतरत नाही. पुरुषांत अंगातली एकूण चरबी वजनाच्या साधारण १०-१२ टक्क्यांवर आली की रेषा उमटतात. मीही तालमीत पाचशे बैठका मारून वर दोन वडापाव हाणायचो, म्हणून सांगतो, आधी ताट बघ. भात अर्धा, घट्ट वरण दोन वाट्या, दोन अंडी. नुसत्या अंड्यांतूनच साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. क्रंचेस आठवड्यातून तीनदा पुरे, जोर-बैठका वाढव. आणि पॅक चार की सहा, ते जन्मजातच ठरतं. माझे चारच आहेत.