एक्स-फाइल्ससारखी, विचित्र घटनांचा छडा लावणारी एखादी जुनी जर्मन मालिका आहे का? बघण्यासारखी आहे का?

आहे, आणि एक नाही, दोन आहेत.

तुमच्या वर्णनात चपखल बसते ती 'अल्फा अल्फा'. झेडडीएफ वाहिनीवर १९७२ साली आली, १३ भाग, प्रत्येक साधारण २५ मिनिटांचा. कुठेतरी काही अतर्क्य घडतं आणि एक गुप्त संघटना आपला माणूस पाठवते. त्या माणसाचं नावच अल्फा. हे काम कार्ल मिखाएल फोग्लरनं केलंय. 'पॅटन' सिनेमातला जर्मन सेनापती रोमेल आठवतोय? तोच. माझी तक्रार एवढीच की प्रकरण जरा रंगायला लागतं तोवर भाग संपतो.

म्हणून मी कुणालाही आधी दुसरी सांगतो, 'दास ब्लाउए पाले', म्हणजे निळा महाल. लेखन-दिग्दर्शन दोन्ही रायनर एर्लरचं. तीन भाग १९७४ ला, दोन १९७६ ला, आणि प्रत्येक भाग म्हणजे दीड तासाचा सिनेमाच. वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ एका पडक्या महालात प्रयोगशाळा थाटून बसलेत. इथे बंदुका घेऊन धावणारं कुणी नाही. माणसं वाद घालतात, मोजमापं घेतात, एकमेकांवर चिडतात. 'दास मेडियम' हा भाग टेलिपथीवर, म्हणजे न बोलता दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यावर आहे.

तो काळच तसा होता. १९७४ च्या जानेवारीत मनाच्या शक्तीचा दावा करणाऱ्या युरी गेलरनं याच झेडडीएफवर चमचे-काटे वाकवून दाखवले आणि लोक आपापल्या स्वयंपाकघरात तेच करत बसले. त्याआधी १९६७ मध्ये बव्हेरियातल्या रोझेनहाइम गावी एका वकिलाच्या ऑफिसात दिवे आपोआप झुलायचे, बल्ब फुटायचे, आणि टेलिफोनच्या बिलात वेळ सांगणाऱ्या ०११९ नंबरला केलेल्या कॉलची रांग लागलेली. भुताला घड्याळ परवडत नसावं! पण गंमत पुढे आहे. वीज कंपनीनं तिथे विजेचा दाब नोंदवणारी यंत्रं बसवली, भौतिकशास्त्रज्ञ आले, आणि फ्रायबुर्गहून परामानसशास्त्राचे प्राध्यापक हान्स बेंडरही आले. एकाच खोलीत मीटर घेतलेला माणूस आणि पिशाच्चाचा अभ्यासक! 'निळा महाल' बघताना मला सारखं ते ऑफिस आठवतं.

जर्मन येत असेल तर उत्तम, कारण यात बोलणं फार आहे. मी पुण्यात जर्मनच्या दोन-तीन लेव्हल केल्या होत्या, तरी पहिल्या वेळी निम्मं डोक्यावरून गेलं. 'अल्फा अल्फा'चं त्यामानानं निभावतं. दोन्हींच्या डीव्हीडी निघालेल्या आहेत. महालातल्या गोष्टी सुट्या-सुट्या आहेत, त्यामुळे थेट 'दास मेडियम' लावलंत तरी अडणार नाही.