मिलिटरी ग्रीन रॅप केलं, आता आरसीवर कलर बदलून मिळेल का?

प्रश्न: माझी पांढरी हॅचबॅक आहे, बँकेचं लोन चालू आहे. पूर्ण पेंट परवडत नव्हता म्हणून नाशिकला एका दुकानात ३८ हजारात मॅट मिलिटरी ग्रीन व्हिनाइल रॅप करून घेतलं, मागच्या लाइटवर स्मोक फिल्मपण लावली. दुकानदार म्हणाला स्टिकरच आहे, आरटीओचा संबंध नाही. परवा ट्रॅफिकवाल्यांनी अडवलं, आरसीवर पांढरा आणि गाडी हिरवी म्हणून ई-चलन. आता काय करू?

उत्तर: आधी हिरव्याचं बोलू, कारण सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणाच्याच गाडीला देता येत नाही. आता तुमचा शेड अगदी ऑलिव्ह ग्रीनच आहे का, आणि नियमात रंगवण्याबद्दल लिहिलंय, फिल्मबद्दल नाही, असा युक्तिवाद वकील करू शकतो, मीही करू शकतो, पण त्यासाठी तुम्ही कामधंदा सोडून तारखांना हेलपाटे मारावेत असं मला अजिबात वाटत नाही. या रंगाची नोंद आरसीवर मिळण्याची आशा धरू नका. हे रॅप काढाच.

दुसरा कुठला रंग असता, ग्रे किंवा निळा, तर माझं उत्तर वेगळं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये 'अल्टरेशन' म्हणजे गाडीच्या स्ट्रक्चरमधला असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं, आणि सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१९ च्या निकालातही भर कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनवर आहे. फिल्म चिकटवल्याने स्ट्रक्चर बदलत नाही हे खरं. पण आरसीवर रंगाचा रकाना असतो ना, आणि चोरीची गाडी शोधताना, अपघाताचा पंचनामा करताना पोलीस तोच बघतात, त्यामुळे रॅप असो की सोलून काढता येणारं रबर कोटिंग असो, अख्ख्या गाडीचा रंग बदलला की आरटीओत नोंद करून घ्या असंच मी प्रत्येकाला सांगतो. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करायचा, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, रॅपचं बिल जोडायचं, आणि तुमच्यासारखं लोन असेल तर बँकेचं लेखी ना-हरकत आधी घ्यायचं. गाडी तपासणीला न्यावी लागू शकते. इन्शुरन्स कंपनीलाही मेल टाका, कारण रॅपचा खर्च पॉलिसीत आपोआप धरला जातो असं समजू नका.

चलन लगेच भरू नका, आधी त्यावर कलम कुठलं लावलंय ते वाचा. कलम १७७ असेल तर पहिल्या वेळचा दंड ५०० रुपयांपर्यंत, तो भरून मोकळे व्हा. पण १८२अ(४) लावलं असेल, म्हणजे परवानगी नसलेला बदल केला म्हणून, तर तिथे बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे, आणि नुसत्या रंगासाठी ते कलम टिकू नये असं माझं मत आहे, तेव्हा ऑनलाइन तक्रार करा आणि तरी नाही ऐकलं तर कोर्टात म्हणणं मांडा. रॅप काढल्याचं बिल आणि तारखेसह फोटो सोबत ठेवा, फार उपयोगी पडतात.

मागच्या लाइटवरची फिल्म मात्र आजच काढा, अर्ज-बिर्ज नंतर. रात्री कसारा घाटात पावसात मागच्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक लाइट दिसला नाही तर चलनाचं कुणाला काय पडलंय.

दुकानदाराला सोडू नका. 'आरटीओचा संबंध नाही' असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, पक्कं बिल मागा, आणि पैसे परत व रॅप फुकट काढून द्या अशी लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. त्याने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. रॅप काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या आणि काढताना स्वतः उभे राहा, हीट गन न वापरता ओढलं किंवा एखादा पॅनल आधी बाहेर रिपेंट झालेला असेल तर खालचा रंगही निघून येतो, आणि तसं झालं तर ती भरपाईही त्याच तक्रारीत मागता येईल.