रोबो 'माणसाळतो' का?

प्रश्न असा आहे: एका विज्ञानकथेत घरकाम करणारा रोबो हळूहळू चिडू लागतो, हळवा होतो, स्वतःचं मत सांगतो. तिथं 'रोबो माणसाळला' असं लिहिलं तर चालेल का? एका वाचकानं हरकत घेतली आहे.

हरकत रास्त आहे. लेखकाला जे म्हणायचंय ते या क्रियापदातून निघत नाही, बरेचदा उलटंच निघतं.

'माणसाळणे' हा नामधातू, म्हणजे नामापासून बनलेलं क्रियापद. त्याची भावंडं पाहा: फेसाळणे, वाफाळणे, तेजाळणे. लाट फेसाळली म्हणून ती फेस होत नाही आणि वाफाळलेला चहा म्हणजे वाफ नव्हे. तसंच पाडस माणसाळतं म्हणजे त्याची माणसाबद्दलची भीती मोडते, ते हातातून खातं, घरभर मागं मागं फिरतं. माणूस ते होत नाही. किंबहुना ते जनावर आहे हे धरूनच हा शब्द वापरला जातो. 'शाळेत जायला लागल्यापासून बंड्या जरा माणसाळलाय' यात गंमत आहे ती याचमुळे. बंड्याला आधी गुपचूप जनावरांत ढकललेलं असतं.

शिवाय माणसाळणाऱ्याला माणसाची भीती वाटत असावी लागते. विज्ञानकथेत बहुधा माणूसच समोरच्याला घाबरतो. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला (१८१८) शास्त्रज्ञानं घडवलेला तो बिननावाचा जीव आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसतो, तेव्हा म्हातारा त्याच्याशी मायेनं बोलतो. डोळस मंडळी घरात शिरतात आणि म्हाताऱ्याचा मुलगा त्याला काठीनं झोडपतो. जीव माणसाळायला तयार होता, बिचकली ती माणसं.

मग 'माणसात आला' म्हणावं? तेही नको. आजारातून उठून दाढी केलेल्याला आपण म्हणतो, 'आता कसा माणसात आलास!' हे ऐकणारा मुळात माणूसच असतो. रोबोला तसं म्हटलं तर निवेदकानं निकाल आधीच देऊन टाकला असं होईल.

'माणूसपण' आणि 'माणुसकी' यांचा घोळ तर नेहमीचाच. माणूसपण म्हणजे माणूस असणं. माणुसकी म्हणजे माणसानं जसं वागावं तसं वागणं. दोन्ही एकत्र असतातच असं नाही, म्हणून तर 'माणुसकी नसलेला माणूस' हे वाक्य मराठीत सरळ चालतं. फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या कादंबरीत अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखे दिसणारे रोबो, ओळखण्यासाठी एक चाचणी आहे. तिच्यात बरेच प्रश्न प्राण्यांच्या हालांबद्दलचे, आणि उत्तरापेक्षा शरीराची प्रतिक्रिया मोजायची. म्हणजे माणुसकी तपासायची आणि त्यावरून माणूसपण ठरवायचं! आपल्या रोजच्या बोलण्यातल्या 'माणुसकी राहिलीच नाही हो'वर विश्वास ठेवला, तर त्या चाचणीत किती जण नापास होतील कुणास ठाऊक.

तुमच्या कथेला खरं तर दोन क्रियापदं लागतील: 'होणे' आणि 'ठरणे'. आयझॅक असिमोव्ह यांच्या 'द बायसेन्टेनिअल मॅन' (१९७६) या कथेत दोन्ही वेगळी दिसतात. त्यातला अँड्र्यू नावाचा रोबो लाकडावर सुंदर कोरीवकाम करतो, कोर्टात जाऊन स्वातंत्र्य मिळवतो, यंत्राचे भाग काढून जिवंत शरीरासारखे भाग बसवून घेतो. वाचकाच्या लेखी तो केव्हाच माणूस 'झालेला' असतो. कायद्याच्या लेखी 'ठरत' मात्र नाही, कारण त्याचा मेंदू अमर आहे. शेवटी तो मेंदू झिजत जाईल अशी शस्त्रक्रिया करवून घेतो आणि मरणाच्या दारात असताना माणूस म्हणून जाहीर होतो. इथं 'अँड्र्यू माणसाळला' लिहून पाहा, म्हणजे हा शब्द किती तोकडा आहे ते कळेल.

तेव्हा निवेदनात 'माणसासारखा वागू लागला' लिहा. साधं आहे, पण त्यातला 'सारखा' प्रश्न उघडा ठेवतो. 'माणूस झाला' हे शब्द पुढच्या, मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवा. 'माणसाळला' फारच आवडला असेल तर घरमालकाच्या तोंडी घाला. पाहुण्यांना चहा देणाऱ्या रोबोकडे बोट दाखवून तो म्हणेल, 'बराच माणसाळलाय हो आमचा.' तिथं शब्द चपखल बसेल, आणि मालक त्याला काय समजतो ते वेगळं सांगावं लागणार नाही.